वैद्यकीयची तयारी, गावाच्या सोबतीने
(प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात दहावीचा निकाल लागला की हुशार मुलामुलींच्या घरी एकच चर्चा सुरू होते : नांदेडला पाठवायचे की लातूरला? ऐपत बरी असेल तर थेट राजस्थानातल्या कोट्याचेही नाव निघते. नागपूर-तुळजापूर महामार्ग तालुक्यातूनच जातो, नांदेडची बस सहज मिळते, आणि आधी गेलेल्या कुणा शेजाऱ्याच्या मुलाचा फोन नंबरही हाताशी असतो. ही चर्चा नेमकी पेरणीच्या दिवसांत होते. सोयाबीनचे बियाणे, खत आणि क्लासची फी या तिन्हींची जुळवाजुळव एकाच महिन्यात करावी लागते. फी, रूम आणि मेस मिळून वर्षाचा आकडा लाखांत जातो. तो उभा करायला कुणी पीककर्जाला हात घालतो, तर कुणी एखादा एकर गहाण टाकतो.

आईबापांची ही धडपड मला फार मोलाची वाटते. म्हणूनच तिला योग्य माहितीची जोड मिळावी, असे कळकळीने वाटते. शहर ठरवण्याआधी घरात काही प्रश्न विचारले जायला हवेत. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे ते कशासाठी? तिचे गणित आणि फिजिक्स कितपत पक्के आहे? जातवैधता प्रमाणपत्राचे काम कुठवर आले? पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर पुढचे वर्ष कसे जाईल? पुढच्या पानांत याच प्रश्नांची उत्तरे शोधली आहेत. अकरावी-बारावी विज्ञानाची मुले, बारावीनंतर पुन्हा तयारी करणारे, बी.एस्सी.ला प्रवेश घेऊनही ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे पुस्तक मिटू न शकलेले विद्यार्थी आणि या सगळ्यांचे पालक, अशा चौघांसाठी ती लिहिलेली आहेत.

या साऱ्या मजकुरामागे एक ठाम विचार आहे. वैद्यकीय प्रवेशाची तयारी आपण आज एकट्या मुलावर टाकतो. त्याला गावातून उचलून शहरातल्या एका खोलीत ठेवतो आणि निकालाची वाट बघतो. या तयारीचा निम्मा भाग गावातच होऊ शकतो, आणि गावाने मिळून केला तर तो अधिक चांगला होतो. आपली मुले बुद्धीत कमी पडत नाहीत. वेळेवर मिळालेली माहिती, वेळेवर झालेले कागद आणि सोबत अभ्यास करणारे चार जण, या तीन गोष्टी त्यांना कमी पडतात. तिन्ही आपल्या हातातल्या आहेत.

परीक्षा कशी बदलली

पालकांच्या पिढीला ‘सीईटी’ हा शब्द माहीत आहे. राज्याची स्वतःची परीक्षा, राज्याच्या मंडळाचा अभ्यासक्रम, आणि त्यावर राज्यातल्या जागा, असा तो काळ होता. २०१३ साली देशभरासाठी एकच अशी पहिली नीट झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१६ मध्ये न्यायालयाच्याच आदेशाने ती परत आली. २०२० पासून एम्स आणि जिपमरच्या वेगळ्या परीक्षाही बंद झाल्या. आज एमबीबीएसची कोणतीही जागा नीटशिवाय मिळत नाही. बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएसचे प्रवेशही याच गुणांवर होतात. परदेशात एमबीबीएस करून इथे व्यवसाय करायचा असला तरी नीटची पात्रता लागते.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेला दुसरा बदल सप्टेंबर २०२० मधला. तोवर राज्यात ७०:३० चे सूत्र होते. राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के संपूर्ण राज्याला, अशी ती वाटणी होती. विभाग ठरायचा तो शिक्षण कुठे झाले त्यावरून. त्यामुळे पैनगंगा ओलांडून नांदेडला बारावी करणारा महागावचा विद्यार्थी विदर्भाऐवजी मराठवाड्याच्या यादीत जात असे. ते सूत्र आता राहिलेले नाही. राज्य कोट्याची गुणवत्ता यादी सगळ्या महाराष्ट्राची एकच असते. आपल्या तालुक्यातल्या फुलसावंगीच्या मुलीची स्पर्धा लातूर, पुणे आणि नाशिकच्या मुलींशी एकाच रांगेत आहे. जुने समज धरून मोठ्या भावाने दिलेला सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

त्याच वेळी जागाही वाढल्या आहेत. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे. नांदेडचे त्याच्या आगेमागे उभे राहिले आणि अकोल्याचे २००२ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी १० नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीम, हिंगोली, अमरावती आणि बुलढाणा ही आपल्या अंगणातली नावे आहेत. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला मुलाचा दाखला हलवण्याआधी हा नियम पालकांनी दोनदा वाचावा.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटे, एकूण गुण ७२०. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. त्याआधीची चार वर्षे २०० प्रश्नांतून १८० सोडवायची सवलत होती. जुन्या पुस्तकांत आणि टेस्ट सिरीजमध्ये अजून तीच पद्धत सापडते, म्हणून त्या त्या वर्षाचे अधिकृत माहितीपत्रक वाचणे हा अभ्यासाचाच भाग मानावा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘नीट निघाली’ म्हणजे जागा मिळाली असे नाही. खुल्या गटात ५० वा आणि राखीव गटात ४० वा पर्सेंटाइल गाठला की विद्यार्थी पात्र ठरतो. परीक्षा देणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक पात्र ठरतात. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास खासगी महाविद्यालयांतल्या, शेतकरी कुटुंबाला न झेपणाऱ्या फीच्या. पात्रता आणि शासकीय जागा यांच्यात मोठे अंतर आहे. ते पहिल्याच दिवशी माहीत असले तर निकालाच्या दिवशी घर कोसळत नाही. याच अंतराचा फायदा घेणारे दलाल जूनमध्ये फोन करू लागतात. २०२४ मध्ये पाटणा आणि हजारीबागमधल्या पेपरफुटीने देशभरातल्या प्रामाणिक मुलांना किती मनस्ताप झाला, ते आपण पाहिले. पैसे घेऊन जागा देतो म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

अभ्यासक्रम आपल्याच शिवारात आहे

निम्मे गुण बायोलॉजीचे आहेत, ७२० पैकी ३६०. या विषयासाठी आपल्या मुलांकडे शहरातल्या मुलांना सहजी न मिळणारी एक गोष्ट आहे. पुस्तकात जे आहे ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडते.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. अनेकांवर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर साधा सदरा, नाकावर काही नाही, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. त्यांतली अनेक कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. आता अकरावीचे एनसीईआरटीचे पुस्तक उघडावे. चेतातंतू स्नायूला संदेश देतो तेव्हा ॲसिटिलकोलीन हे द्रव्य सोडले जाते, असे तिथे लिहिलेले आहे. संदेश पोहोचला की एक एन्झाइम ते द्रव्य मोडून टाकते. ऑर्गनोफॉस्फेट त्या एन्झाइमलाच निकामी करते. संदेश थांबत नाही. लाळ आणि घाम वाहू लागतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. डॉक्टर ॲट्रोपिन देतात ते याच अतिरेकाला रोखण्यासाठी. ज्या मुलाने शेजारच्या काकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेताना पाहिले आहे, त्याला हा धडा एकदा नीट समजावून सांगितला तर तो जन्मभर विसरणार नाही.

सिकलसेलचेही तसेच. विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. बारावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात त्याचे कारण दिले आहे : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. नीटमध्ये यावर प्रश्न येतात. गावात यावरून लग्ने जुळवताना रक्त तपासायचे की नाही, हे ठरते. एकच ज्ञान दोन्हीकडे लागते.

सर्पदंशाचे उदाहरण तर प्रत्येक पावसाळ्यातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारी लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होत आली आहे. तिच्यात तयार प्रतिपिंडे असतात, ती घोड्यांच्या रक्तातून मिळवतात. बारावीच्या पुस्तकात ‘पॅसिव्ह इम्युनिटी’ समजावताना हेच उदाहरण दिले आहे. बाहेरून आलेली प्रतिपिंडे लगेच काम करतात, म्हणून दंश झाल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागते. ते घरातल्या आजीला पटवून सांगता आले, तर विषय समजला असे मानावे.

म्हणून या पुस्तिकेतला बायोलॉजीचा भाग नेहमीसारखा ‘महत्त्वाचे मुद्दे’ देऊन थांबत नाही. प्रत्येक प्रकरणाशेवटी आपल्या तालुक्यातले एक निरीक्षण सुचवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी परवानगी घेऊन दोन तास बसावे. लस थंड का ठेवतात, कोणती लस कितव्या महिन्यात देतात, ते परिचारिकेला विचारावे. आशाताईंबरोबर एखाद्या दिवशी घरभेटीला जावे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन का मोजतात, लोहाच्या गोळ्या ती का खात नाही, ते ऐकावे. रुग्णांचा खासगीपणा जपून, कामात अडथळा न आणता हे करता येते. याने गुण वाढतील की नाही, असे कुणी विचारेल. माझा अनुभव असा की समजलेले लक्षात राहते, आणि लक्षात राहिलेल्याचेच गुण होतात.

ज्या ठिकाणी आपण अडखळतो

अडचणी मोकळेपणाने मांडायला हव्यात. पहिली अडचण फिजिक्सची. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीत येतो आणि एकाएकी सगळे इंग्रजीत सुरू होते. वेग, त्वरण आणि बल त्याला कळतात. वर्गातल्या ओळखीच्या गोष्टी अनोळखी नावांनी समोर येतात एवढेच. पहिले तीन महिने केवळ नावे जुळवण्यात जातात, तोवर वर्ग कॅल्क्युलसपर्यंत पोहोचलेला असतो. गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांना तर तो आणखी जड जातो. यावर उपाय लहान आणि नेमका आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतचा काळ या एकाच कामाला द्यावा : मराठी-इंग्रजी संज्ञांची वही, त्रिकोणमितीची प्राथमिक सूत्रे, घातांक, आलेख वाचणे आणि सोप्या व्हेक्टरची ओळख. या सुट्टीचे वेळापत्रक पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात आठवड्यागणिक दिले आहे. माझ्या मते या पुस्तिकेतले सर्वांत उपयोगी प्रकरण तेच.

नीट मराठीतूनही देता येते. महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मराठी निवडणाऱ्याला प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळते. हा पर्याय असणे योग्यच आहे. मात्र अकरावी-बारावीची पुस्तके, सराव परीक्षा आणि पुढची एमबीबीएसची साडेचार वर्षे इंग्रजीतच असल्याने निवड विचारपूर्वक करावी. विषय मराठीत समजून घ्यावा, मराठीत दुसऱ्याला समजावावा आणि उत्तर इंग्रजीत ओळखण्याचा सराव ठेवावा, ही रीत मला सर्वांत हितकर वाटते.

दुसरी अडचण पुस्तकांच्या ढिगाची. राज्य मंडळाचे पुस्तक, एनसीईआरटी, क्लासचे मॉड्यूल, तीन टेस्ट सिरीज आणि मोबाइलवरचे शेकडो व्हिडिओ. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांवर उभा आहे. बायोलॉजी आणि इनऑर्गेनिकसाठी ती पुस्तके ओळीओळीने पुन्हा पुन्हा वाचणे, आणि फिजिक्ससाठी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे, एवढ्यावर बरेच साधते. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी. बरोबर उत्तराचे ४ हातचे जाणे आणि चुकीसाठी १ वजा होणे, म्हणजे प्रत्येक चुकीची किंमत ५ गुण. हे ज्याला कळले तो अंदाजाने गोळे काळे करत नाही.

तिसरी अडचण परीक्षेच्या दिवसाची. मे महिन्यातली दुपार, आपल्याकडचे ऊन, केंद्र यवतमाळसारख्या दूरच्या शहरात, दुपारी २ ला पेपर आणि १.३० ला बंद होणारे फाटक. पहाटेची बस पकडून, उपाशीपोटी पोहोचलेल्या मुलाचा पहिला अर्धा तास वाया जातो. आदल्या दिवशी मुक्कामाला जाणे हा खर्च अनाठायी नाही. शेवटचे दोन महिने सराव परीक्षाही दुपारी २ ते ५ याच वेळेत द्याव्यात.

कागद वेळेवर

गुण मिळूनही जागा गेली, अशी उदाहरणे ऐकली की मन विषण्ण होते. आपल्या तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती-अ या प्रवर्गात येतो, ज्यासाठी ३ टक्के आरक्षण आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय कुटुंबेही बरीच आहेत. व्यावसायिक प्रवेशाला जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी पिढीजात पुरावा मागितला जातो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा.

ज्या आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्यांचा पुरावा आणायचा कुठून? चुलत आजोबांच्या शाळेतला दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुना सातबारा किंवा खरेदीखत, भावकीतल्या कुणाला आधी मिळालेली वैधता, अशा वाटांनी तो शोधावा लागतो. याला महिने लागतात. म्हणून अकरावीला प्रवेश घेतल्याबरोबर हे काम हाती घ्यावे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र त्या वर्षासाठी वैध आहे ना, हे पाहावे. विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गाला ते लागते. आधार, दहावीची सनद आणि जातीचा दाखला या तिन्हींवरचे नाव अक्षरशः एक असावे. मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. पुस्तिकेत प्रवर्गनिहाय यादी दिली आहे. ती फाडून भिंतीवर लावली तरी चालेल.

मदतही उपलब्ध आहे, पण ती मागावी लागते. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीटसाठी ऑनलाइन प्रशिक्षण, टॅब आणि इंटरनेट डेटा देत आली आहे. तिचा अर्ज दहावीनंतरच करायचा असतो. अनुसूचित जातींसाठी बार्टी ही संस्था आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम सुरू केला. स्वतः एमबीबीएस शिकत असताना गरीब घरांतल्या मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवायचे, हे त्याचे स्वरूप. पुढे त्यांनी मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठीही असे वर्ग घेतले. मेळघाटात जे घडले ते महागावात घडू शकते.

मुलींबद्दल वेगळे लिहायलाच हवे. दहावीत पहिल्या पाचांत असलेली मुलगी अनेकदा केवळ ‘एवढ्या लांब एकटी कशी ठेवायची’ या काळजीपोटी मागे राहते. राज्य कोट्यात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क शासन भरते. जागा आहे, सवलत आहे. गावातच अभ्यासाची सोय झाली तर तिचा लाभ सर्वांत आधी या मुलींना होईल.

ड्रॉप, बी.एस्सी. आणि दुसऱ्या वाटा

नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. दार कायम उघडे असणे चांगले आहे, तरी त्यामुळे काही मुलांची तीन-चार वर्षे एकाच उंबऱ्यावर जातात. ड्रॉप घ्यायचा असेल तर आधी मागच्या पेपरची चिरफाड करावी. गुण कोणत्या विषयात गेले, न शिकल्यामुळे गेले की घाईमुळे? कारण सापडले आणि ते दूर करायचा मार्ग दिसला, तर एक वर्ष जरूर द्यावे. कारणच सापडत नसेल, तर त्याच क्लासला पुन्हा फी भरून वेगळा निकाल येणार नाही.

उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय किंवा पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन सोबत तयारी करणारेही बरेच आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. पदवीचे वर्ष पदरात राहते, प्रयोगशाळेशी संबंध टिकतो, घरचा खर्च आटोक्यात राहतो. फक्त बी.एस्सी.ला प्रतीक्षालय समजू नये. झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री मनापासून शिकणाऱ्याला पुढे एम.एस्सी., सार्वजनिक आरोग्य, औषधनिर्माण आणि संशोधन या वाटा खुल्या असतात. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांनाही रुग्णसेवेतच धरावे. तालुक्याला त्यांचीही तितकीच गरज आहे.

परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी २०२१ चे नियम वाचावेत : इंग्रजी माध्यम, किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर परवाना परीक्षा. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या मुलांचे हाल आठवून निर्णय घ्यावा.

डॉक्टरकीची ओळख प्रवेशाआधी

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जायला आधी चार वर्षांची पदवी करावी लागते. त्या काळात विद्यार्थी विज्ञानाचे ठरावीक विषय शिकतो, एमकॅट नावाची दिवसभराची परीक्षा देतो, आणि रुग्णालयात सेवा केल्याचा, डॉक्टरांच्या सोबत राहून काम पाहिल्याचा अनुभव मांडतो. तिथली पद्धत खर्चीक आणि लांबलचक आहे, तिची नक्कल करायची गरज नाही. त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे : हा व्यवसाय आपल्याला झेपेल का, हे विद्यार्थी प्रवेशाआधी जवळून पाहतो. आपल्याकडे सतरा-अठराव्या वर्षी थेट प्रवेश होतो, आणि मृतदेहासमोर किंवा अपघात कक्षात उभे राहीपर्यंत अनेकांनी रुग्णालय आतून पाहिलेलेच नसते.

आपल्या शेजारीच याचा एक चांगला नमुना आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथे नवे विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात शिबिराला राहतात, पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे त्या गावातली कुटुंबे सोपवली जातात. रोगी खाटेवर येण्याआधी त्याचे घर, पाणी आणि चूल पाहायची, हा त्यामागचा विचार. गावातून आलेल्या मुलाला ते घर आधीच माहीत असते. त्याच्या जमेची ही बाजू आहे.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. गरिबीत शिकून त्यांनी नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. तिथे विंचूदंशाने माणसे मरताना त्यांनी पाहिली. रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाने हृदयावरचा परिणाम आवरता येतो हे दाखवून दिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे हे काम प्रसिद्ध झाले. ज्या आजाराने गरीब शेतकरी मरतो तो त्यांनी अभ्यासायोग्य मानला, कारण ते स्वतः त्या घरांतून आले होते. आपल्या मुलांकडेही ही नजर आहे. ती क्लासच्या दोन वर्षांत मरू नये, याची जबाबदारी मोठ्यांची.

पुस्तिका कशी वापरावी

सुरुवातीची प्रकरणे दहावीनंतरच्या सुट्टीसाठी आणि अकरावीसाठी आहेत. मधली विषयवार, शेवटची कागदपत्रे, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) आणि पर्याय भरण्याच्या क्रमाविषयी. नियम दरवर्षी बदलतात. इथले वाचून समज येईल, तारीख आणि अट मात्र राज्यातले प्रवेश पाहणारा सीईटी सेल व परीक्षा घेणारी संस्था यांच्या चालू माहितीपत्रकातूनच पक्की करावी.

एकट्याने वाचण्यापेक्षा चार-पाच जणांच्या गटाने वाचणे अधिक फळते. हिवरा संगम, गुंज, सवना, काळी दौलतखान, जिथे चार मुले विज्ञान घेतात तिथे एक अभ्यासगट होऊ शकतो. समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली, संध्याकाळचे तीन तास, वीज, एक फळा आणि रविवारी एक सराव परीक्षा, एवढे ग्रामपंचायत सहज देऊ शकते. निवृत्त शिक्षकांनी गणित आणि इंग्रजीचा पाया घ्यावा. तालुक्यातल्या डॉक्टरांनी महिन्यातून एक तास काढावा.

पालकांना एक विनंती. मुलाला रोज गुण विचारू नका. जेवला का, झोपला का, हे विचारा. तो गप्प गप्प राहू लागला, जेवण तोडले, ‘मी ओझे झालो’ असे बोलला, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याला घरी आणा आणि डॉक्टरांशी बोला. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय हेल्पलाइन विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. कोणतीही जागा मुलाच्या जिवाहून मोठी नाही.

आणि ज्यांना प्रवेश मिळेल त्यांच्यासाठी एक मागणी. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी याल तेव्हा दोन दिवस अकरावीच्या मुलांना द्या. तुमच्या चुकांची वही त्यांना दाखवा, कागदपत्रांची फाइल उघडून दाखवा, तुमचा पहिला सराव पेपर किती गुणांचा होता तेही सांगा. या पुस्तिकेतले काय उपयोगी पडले, काय जुने झाले, ते लिहून कळवा. पुढची आवृत्ती तुमच्या हातून दुरुस्त व्हावी. अशा पाच-सहा तुकड्या गेल्या की महागावच्या मुलीला वैद्यकीयची माहिती विचारायला नांदेडची बस धरावी लागणार नाही. ती शेजारच्या गल्लीत विचारेल, आणि तिला नेमके, खरे उत्तर मिळेल.